जुनी मोटार बोलू लागते तेव्हा

मोटारकर्जाचा शेवटचा हप्ता फिटतो, नोंदणी प्रमाणपत्रावरील बँकेच्या तारणाची नोंद निघते आणि गाडी खऱ्या अर्थाने मालकाची होते. नेमक्या त्याच सुमारास ती बोलू लागते. सकाळी सुरू होताना बॉनेटखाली काहीतरी चिरकते, गतिरोधकावरून उतरताना पुढच्या बाजूस ठकठक होते, महामार्गावर विशिष्ट वेग गाठला की स्टिअरिंग हातात थरथरू लागते. गाडी चालते, पण तिच्यावरचा विश्वास थोडा डळमळतो.

खासगी मोटारीची नोंदणी आपल्याकडे पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी करून घेऊन पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करता येते. म्हणजे कर्ज फिटते तेव्हा गाडीचे निम्म्याहून अधिक आयुष्य शिल्लक असते. हे उरलेले आयुष्य स्वस्तात जाणार की महागात, हे बऱ्याच अंशी या आवाजांकडे मालक कसे पाहतो यावर ठरते. काही जण रेडिओचा आवाज वाढवतात. काही जण गॅरेजमध्ये जाऊन ‘गाडीतून आवाज येतो’ एवढेच सांगतात. मग मेकॅनिक एक फेरी मारतो, अंदाजाने शॉकअब्सॉर्बर बदलतो, आवाज तसाच राहतो, पुढच्या खेपेस दुसरा भाग बदलला जातो. झीज आणि यांत्रिक बिघाड यांचा खर्च नेहमीच्या मोटारविमा पॉलिसीत मिळत नाही. तेव्हा प्रत्येक चुकलेल्या अंदाजाची किंमत मालकाच्याच खिशातून जाते. आणि रेडिओ मोठा करणाऱ्यांपैकी एखाद्याच्या बाबतीत तो आवाज ब्रेकचा किंवा सैल झालेल्या चाकाचा निघाला, तर ती किंमत रुपयांत मोजता येत नाही.

कान कोठे फसतो

आवाज ऐकला की माणूस स्वाभाविकपणे विचारतो, ‘हा येतो कोठून?’ मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न बहुधा चुकीच्या वाटेला नेतो. पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने जातो. हवेतील त्याच्या वेगाच्या जवळजवळ पंधरा पट. मागच्या चाकाजवळ निर्माण झालेली घरघर सांगाड्यातून क्षणार्धात पसरते आणि जेथे पत्रा पातळ व सैल असेल तेथून हवेत उतरते. चालकाला वाटते, आवाज डॅशबोर्डमधून येतो आहे. त्यात जाड, खर्जातल्या आवाजाची दिशा कानाला ओळखताच येत नाही. सेकंदाला शंभर कंपने असलेल्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर, म्हणजे एखाद्या छोट्या मोटारीच्या लांबीएवढी भरते. गाडीतल्या माणसाच्या डोक्याभोवती असा ध्वनी सर्व बाजूंनी सारखाच असतो.

म्हणून आवाज कोठून येतो याऐवजी तो कशाबरोबर बदलतो हे विचारावे. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की वाढतो, की गाडीचा वेग वाढला की? वळताना येतो, ब्रेक दाबताना येतो, की खड्ड्यातच येतो? मोटारीतील प्रत्येक फिरता भाग आपापल्या गतीने फिरत असतो आणि ही गती हीच त्याची ओळख होय. चौदा इंची रिमचे टायर असलेल्या सर्वसाधारण छोट्या गाडीच्या चाकाचा परीघ १.९ मीटरच्या आसपास असतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने ते सेकंदाला सुमारे १३ वेळा फिरते. त्याच वेळी पाचव्या गिअरमधील इंजिन, मिनिटाला २७०० फेऱ्या धरल्या तर, सेकंदाला ४५ वेळा फिरत असते. मानवी कानाची खालची मर्यादा सेकंदाला सुमारे २० कंपने. त्यामुळे चाकाच्या फेऱ्यांबरोबर येणारी हालचाल ऐकू येत नाही, ती हाताला आणि बैठकीला जाणवते. तर बेअरिंगचा दोष हाताला कळत नाही, तो कानाला कळतो. मराठीत थरथर आणि घरघर हे दोन शब्द वेगळे आहेत, तसे त्यांचे उगमही बहुधा वेगळेच असतात.

या विषयाचे रीतसर शास्त्र आहे. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत वाहनांतील ध्वनी व कंपने यांचा अभ्यास करणारा विभाग आहे. अशा प्रयोगशाळांत ध्वनी शोषून घेणाऱ्या भिंतींच्या खोलीत गाडी रुळांवर चालवतात, सांगाड्यावर जागोजागी संवेदक चिकटवतात आणि कोणत्या गतीला कोणता भाग थरथरतो याचे आलेख काढतात. सामान्य मालकाजवळ संवेदक नसतात. पण प्रश्न तोच विचारायचा असल्याने अर्धे काम त्यालाही करता येते.

आधी गाडी रिकामी करावी

शोधाची सुरुवात इंजिनापासून नव्हे, डिक्कीपासून करावी. सैल झालेला जॅक, स्टेपनीखाली पडलेला पाना, आसनाखाली घरंगळणारी पाण्याची बाटली, कप्प्यातील नाणी, नंबरप्लेटचा निघालेला स्क्रू यांनी मोठमोठ्या बिघाडांची सोंगे वठवलेली आहेत. गाडी पूर्ण रिकामी करून त्याच रस्त्यावर पुन्हा एक फेरी मारावी. दाराच्या आतली खुळखुळ आणि डॅशबोर्डची कुरकुर हाताने दाबून धरली की थांबते. तेवढ्यावरून ती निरुपद्रवी आहे हे ठरते आणि तिच्यासाठी गॅरेजची पायरी चढावी लागत नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. गावाकडच्या कच्च्या रस्त्यावरून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूस चिखल बसतो आणि वाळून घट्ट होतो. दुसऱ्या दिवशी महामार्गावर गाडी थरथरू लागते आणि मालक स्टिअरिंगच्या दुरुस्तीची चौकशी करू लागतो. चाकांची आतली बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतली की हा ‘बिघाड’ पुष्कळदा वाहून जातो.

उभ्या गाडीतील परीक्षा

यानंतरची पहिली परीक्षा गाडी उभी ठेवूनच करायची असते. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, जागा मोकळ्या हवेतली. अॅक्सिलरेटर हळूहळू दाबून आवाज येतो का, हे पाहावे. आला, तर चाके, बेअरिंगे, अॅक्सल हे सगळे भाग एका झटक्यात संशयितांच्या यादीतून बाद झाले, कारण त्यातले काहीच फिरत नव्हते. उरले इंजिन, त्याला बेल्टने जोडलेले भाग आणि सायलेन्सर.

क्लचचे पेडल हे येथे उत्तम परीक्षायंत्र ठरते. न्यूट्रलमध्ये येणारी घरघर पेडल पूर्ण दाबताच थांबली, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. पेडल दाबल्यावरच सुरू झाली, तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. वातानुकूलन यंत्र सुरू केल्यावर आवाज येत असेल, तर कॉम्प्रेसर किंवा त्याची पुली. सकाळच्या दमट हवेत इंजिन सुरू करताच येणारी आणि मिनिटाभरात विरणारी ‘चीं’ ही बहुधा बेल्टची असते. बेल्ट पालटणे हे इंजिनाच्या कामांत स्वस्तातले काम. मात्र तो तुटला तर बॅटरीचे चार्जिंग थांबते आणि काही गाड्यांत पाण्याचा पंपही बंद पडून इंजिन तापते.

थंड इंजिनातून येणारी आणि गाडी तापली की कमी होणारी टिकटिक सायलेन्सरच्या सुरुवातीच्या जोडावरून वायू निसटत असल्याची खूण असू शकते. धातू तापून प्रसरण पावतो आणि फट बुजते. हा दोष आवाजापुरता समजून सोडून देऊ नये. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि काचा बंद करून चालवलेल्या गाडीत तो शिरला तर चालकाला आधी डोके जड झाल्यासारखे वाटते, पुढे गुंगी येते. याउलट ठरावीक फेऱ्यांनाच येणारी पातळ पत्र्याची झिणझिण पुष्कळदा सायलेन्सरवरील उष्णतारोधक पत्र्याची असते. गंजलेल्या बोल्टपाशी एक पट्टी आवळली की ती थांबते. ऐकायला मात्र हीच जास्त भयंकर वाटते.

इंजिनातल्या आवाजाचा नेमका ठिकाणा काढायला जुने मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हर वापरतात. त्याचे टोक इंजिनाच्या एकेका भागावर टेकवायचे आणि मुठीला कान लावायचा. १८१६ साली फ्रेंच वैद्य रेने लेनेक यांनी कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीला लावली, त्याच जातीची ही युक्ती आहे. मालकाने तिचा प्रयोग करू नये. फिरत्या बेल्टजवळ ओढणी, सैल बाही वा साखळी सापडली तर हात वाचत नाही, आणि रेडिएटरचा विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो.

उभ्या गाडीत आवाज नाही, पण बैठक थरथरते, अशीही तक्रार असते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. इंजिन संथ चालत असतानाची थोडी थरथर ही गाडीच्या जातीची असते. १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचलेल्या मारुती ८०० चे इंजिन तीन सिलिंडरांचे होते. आजच्याही अनेक छोट्या गाड्यांची इंजिने तशीच आहेत. मिनिटाला ८०० फेऱ्यांना चार सिलिंडरांच्या इंजिनात सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात, तीन सिलिंडरांच्या इंजिनात २०. ठोके विरळ असल्याने ते अधिक जाणवतात. शेजारच्या त्याच बनावटीच्या, कमी चाललेल्या गाडीत पाच मिनिटे बसून पाहिले की आपल्या गाडीची थरथर जन्मजात आहे की नवी, हे कळते.

ती नवी असेल तर दोन शक्यता मुख्य. एक, एखाद्या सिलिंडरात स्फोट नीट होत नाही. मग इंजिन लंगडल्यासारखे चालते, चढावर दम धरत नाही आणि नव्या पिढीच्या गाड्यांत पिवळा दिवा लागतो. तेथे अंदाज करत बसण्याऐवजी संगणकीय यंत्राने दोषसंकेत वाचून घ्यावा. दुसरी, इंजिन माउंटिंग. इंजिन सांगाड्याला थेट बोल्टने आवळलेले नसते, ते रबराच्या गाद्यांवर टांगलेले असते. उष्णता, तेलाचे थेंब आणि नुसता काळ यांनी रबर कडक होते, तडकते, बसते. मग इंजिनाची प्रत्येक थरथर आत उतरते, आणि गाडी उचलताना किंवा रिव्हर्स टाकताना ‘धप’ असा एक ठोका बसतो. कमी चाललेल्या पण जुन्या गाड्यांचे मालक येथे चकतात: ‘गाडी तीस हजारच चालली आहे’. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षे मोजते.

वेगाबरोबर येणारी थरथर

जुन्या गाडीची सर्वांत जास्त आढळणारी तक्रार अशी असते: ताशी ७० पर्यंत गाडी शांत, ८० ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरते आणि त्यापुढे थरथर पुन्हा कमी होते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या सपाट पट्ट्यात किंवा दक्षिणेतल्या चौपदरी महामार्गांवर गाडी गेली की ती प्रथम लक्षात येते. शहरात हा वेगच येत नाही.

येथे एक साधी परीक्षा आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, कायद्याच्या वेगमर्यादेत, त्याच वेगाला गाडी एकदा पाचव्या आणि एकदा चौथ्या गिअरमध्ये चालवावी. इंजिनाच्या फेऱ्या बदलल्या, चाकांच्या नाहीत. थरथर तशीच राहिली, तर इंजिन निर्दोष आहे आणि दोष चाकांच्या बाजूला आहे. क्षणभर न्यूट्रलमध्ये गाडी सोडूनही हेच कळते, पण त्यासाठी किल्ली फिरवून इंजिन कदापि बंद करू नये. स्टिअरिंगला कुलूप लागू शकते आणि ब्रेकला मिळणारी निर्वात दाबाची मदत संपते.

चाकाच्या थरथरीचे कारण बहुधा असंतुलन असते. समतोल राखण्यासाठी रिमवर लावलेले छोटे वजन एखाद्या खड्ड्यात गळून पडते, किंवा टायर असमान झिजतो. ३० ग्रॅम म्हणजे काय, असे वाटेल. पण रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक असेल, तर ताशी ९० किलोमीटर वेगाला तो चाकाला साडेतीन किलोहून अधिक वजनाच्या जोराने ओढतो. एकदा वर, एकदा खाली, सेकंदाला तेरा वेळा. वेग निम्मा झाला की हा जोर चौथाई होतो, म्हणूनच शहरात तो कळत नाही. आणि १०० च्या पुढे थरथर कमी का होते? चाक व त्याला जोडलेले सुटे भाग यांची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते, साधारणपणे सेकंदाला दहा ते पंधरा. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेला हलका धक्काही त्याला उंच नेतो, तसे चाकाच्या फेऱ्या या वारंवारतेशी जुळल्या की थरथर वाढते. फेऱ्या पुढे गेल्या की मेळ तुटतो.

थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढची चाके, बैठकीत आणि जमिनीत असेल तर मागची, हा ठोकताळा बऱ्याच वेळा खरा ठरतो. चारही चाकांचे बॅलन्सिंग काही शे रुपयांत होते, म्हणून अंदाजाने करून पाहण्याजोगे हे एकच काम आहे. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट या दोन गोष्टींची मात्र सर्रास गल्लत होते. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूस ओढते आणि टायर एका कडेने झिजतो; तिच्यामुळे सहसा थरथर होत नाही.

बॅलन्सिंग करूनही थरथर गेली नाही, तर टायर स्वतः तपासावा. चाक फिरवणाऱ्या यंत्रावर तो समोरून पाहिला तर गोल आहे की कोठे उंचवटा आहे, हे डोळ्यांना दिसते. टायरच्या आतल्या पोलादी पट्ट्यांचा थर सुटला की एका जागी फुगवटा येतो. अशी गाडी ताशी २०-३० च्या संथ वेगालाच डुलल्यासारखी चालते. ही डुलण हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण असा टायर वेगात, भर उन्हात, गाडी भरलेली असताना फुटतो. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो: पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३५१८’ म्हणजे २०१८ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असलेला पण आठ-नऊ वर्षांचा टायर नवा समजून वापरणारे अनेक आहेत; स्टेपनी तर हमखास अशीच असते.

ज्या गाड्यांत इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना असते, त्यांत आणखी एक संशयित येतो, तो म्हणजे मधला लांब प्रॉपेलर शाफ्ट. २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या अॅम्बॅसडरच्या जुन्या चालकांना त्याच्या सांध्यांचा ‘ठण’ असा आवाज पाठ असे. हा शाफ्ट चाकाच्या कितीतरी पट वेगाने फिरतो. त्यामुळे त्याचे कंपन बारीक, जमिनीतून तळपायाला झिणझिण्या आणणारे असते.

घरघर, कटकट आणि ठकठक

वेगाबरोबर वाढणारी, विमानासारखी सलग घरघर हे चाकाच्या बेअरिंगचे लक्षण. बेअरिंगच्या कड्यात झिजून एक सूक्ष्म खड्डा पडला आणि त्यात बारा-तेरा गोळ्या असल्या, तर चाकाच्या तेरा फेऱ्यांत त्या खड्ड्यावरून गोळ्या सेकंदाला साठ-सत्तर वेळा जातात. तोच हा सूर. डावे बेअरिंग की उजवे, हे वळणावर कळते. गाडी उजवीकडे वळताना तिचा भार डाव्या चाकांवर जातो. म्हणून उजव्या वळणावर घरघर वाढली तर संशय डाव्या बाजूवर, डाव्या वळणावर वाढली तर उजव्या. हे न करता दोन्ही बाजूंची बेअरिंगे बदलणाऱ्या गॅरेजला दोष द्यावा, की बाजू न सांगणाऱ्या मालकाला, हा प्रश्नच आहे.

बेअरिंगची हुबेहूब नक्कल करणारा दुसरा एक आवाज आहे. टायर लाटांसारखा, उंचसखल झिजला की तोही असाच घरघरतो. मात्र काँक्रीटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर येताच त्याचा सूर बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. पुढची-मागची चाके आलटून लावली आणि आवाजही पुढून मागे गेला, तर बेअरिंगचे पैसे वाचले.

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवून गाडी संथ फिरवताना ‘कट-कट-कट’ असा नेमाने आवाज आला, तर अॅक्सलचा सीव्ही जॉइंट झिजला आहे. या सांध्यावर रबराचे एक घडीदार आवरण असते. मेकॅनिक त्याला ‘बूट’ म्हणतात. ते फाटले की आतले ग्रीस उडून जाते, धूळ आणि पाणी शिरते आणि चांगला सांधा काही महिन्यांत खलास होतो. फाटलेला बूट वेळीच दिसला तर काम थोडक्यात भागते. त्यासाठी दर सर्व्हिसिंगच्या वेळी, गाडी वर उचललेली असताना, रिमच्या आतल्या बाजूस ग्रीसचे शिंतोडे आहेत का, एवढे मालकाने स्वतः पाहावे.

खड्ड्यातल्या ठकठकीवर मात्र सर्वांत जास्त पैसा वाया जातो. तिचे खापर नेहमी शॉकअब्सॉर्बरवर फुटते. खराब शॉकअब्सॉर्बरचे मुख्य लक्षण आवाज नसून झुलणे हे आहे: गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी एकदा दबून स्थिर होण्याऐवजी दोन-तीनदा वर-खाली होते, किंवा त्याच्या नळीवर तेल ओघळलेले दिसते. बारीक खड्ड्यांत, संथ वेगात येणारी सुकी ठकठक बहुधा स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडची किंवा त्याच्या रबरी बुशची असते. हे भाग शॉकअब्सॉर्बरच्या तुलनेत अगदी स्वस्त. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना होणारी ‘करकर’ शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या माउंटिंगची असू शकते. गाडी वर उचलून चाक वर-खाली धरून हलवले आणि त्यात ढिलेपणा लागला, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे लागला, तर स्टिअरिंगचे टाय रॉड एंड. यांपैकी बॉल जॉइंट निखळला तर चाक बाहेर कलंडते आणि गाडी चालकाच्या हातात राहत नाही. ठकठकीच्या या एका प्रकारात ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे उत्तर चालत नाही.

ब्रेक लावताना

ब्रेक दाबल्यावरच येणारी थरथर वेगळी ओळखावी. पेडल पायाखाली धडधडते आणि स्टिअरिंग हलते, ते डिस्कची जाडी सर्वत्र सारखी न राहिल्याने. दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरकही त्यासाठी पुरतो. पुष्कळदा याचे मूळ डिस्कमध्ये नसते. नवी डिस्क बसवताना मागच्या हबवरील गंजाचा पापुद्रा खरवडलेला नसतो, त्यामुळे ती किंचित वाकडी फिरत असमान झिजते. अशा वेळी तिसरी डिस्क घातली तरी तक्रार परत येते. घसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडलखाली होणारी जलद खरखर मात्र एबीएस यंत्रणेचे नेहमीचे काम आहे. त्या क्षणी घाबरून पाय उचलला तर गाडी थांबायला उलट अधिक जागा घेते.

पावसाळी रात्रीनंतर सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकना येणारा घासल्याचा आवाज डिस्कवरच्या हलक्या गंजाचा असतो आणि तो आपोआप जातो. बऱ्याच गाड्यांत ब्रेक पॅड झिजत आला की एक छोटी पोलादी पट्टी डिस्कला टेकून मुद्दाम किंचाळते. ती तशीच बसवलेली असते. या सूचनेनंतर पॅड बदलले तर खर्च पॅडचाच. दुर्लक्ष केले आणि धातूवर धातू घासण्याची ‘खर्र’ सुरू झाली, तर डिस्कही गेली आणि गाडी थांबण्याची खात्रीही.

गॅरेजमध्ये काय सांगावे

चांगल्या मेकॅनिकला चांगली हकीकत हवी असते. कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: आवाज कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, इंजिन थंड असताना की तापल्यावर, आणि वळणावर, चढावर की ब्रेकवर. बाजूच्या प्रवाशाने भ्रमणध्वनीवर तो टिपून घेतला तर अधिक चांगले, कारण गॅरेजच्या दारात पोहोचताच आवाज बंद होणे हा सर्व मोटारींचा स्वभाव आहे. शक्य तर मेकॅनिकला शेजारी बसवून मालकाने स्वतः गाडी चालवावी आणि आवाज काढून दाखवावा. मग एका वेळी एकच भाग बदलण्याचा आग्रह धरावा आणि काढलेला जुना भाग मागून पाहावा. तीन भाग एकदम बदलून आवाज थांबला, तर त्यांतले दोन फुकट गेले हे कधीच कळत नाही.

हीच परीक्षा जुनी गाडी विकत घेताना अधिक मोलाची ठरते, कारण तेथे पुढच्या काही वर्षांचे हप्ते पणाला लागलेले असतात. गाडी पाहायला जाताना वेळ ठरवून जावे, आणि पोहोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवावा. तो गरम लागला, तर विक्रेत्याने इंजिन आधीच तापवून ठेवले आहे. थंड इंजिनाचे आवाज ऐकायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. रेडिओ व पंखा बंद करून, काचा अर्ध्या उतरवून, आधी भिंतीलगतच्या गल्लीतून संथ फेरी मारावी. चाकांचे आवाज भिंतीवरून परतून स्पष्ट ऐकू येतात. नंतर महामार्गावर ताशी ९० पर्यंत न्यावी, आणि मागे गाडी नाही हे पाहून एकदा ठाम ब्रेक लावावा. नुसत्या गावातल्या फेरीवर सौदा करणाऱ्याला पुढच्या सुटीतल्या प्रवासातच स्टिअरिंगची थरथर प्रथम भेटते.

दुरुस्ती झाल्यावर गाडी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, तितक्याच माणसांसह पुन्हा चालवून पाहावी. ज्या कामात चाक काढले गेले असेल, त्यानंतर शंभरएक किलोमीटरांनी नट पान्याने पुन्हा तपासून घ्यावेत. गॅरेजमधून आल्यानंतर दोन दिवसांनी सुरू झालेली, चाकाच्या फेरीबरोबर येणारी ठोकळ ठकठक पुष्कळदा तेथलीच असते, आणि ती ऐकू आली की गाडी घरापर्यंत न नेता रस्त्याच्या कडेला घ्यावी.